रेगे ऐकणाऱ्या कुसुमताई

रेगे संगीताला कुणी ‘मस्त रिलॅक्सिंग म्युझिक’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने लिफ्टमध्ये तसं म्हटलं आणि तिसरा मजला येईपर्यंत मी त्याला झापलं. बिचारा हातात दुधाची पिशवी धरून ऐकत होता. घरात आल्यावर लक्षात आलं, ती वाक्यं माझी नव्हतीच. बोलण्यातली धार, मधला ठसकाही कुसुमताईंचा होता.

कुसुम पगारे आणि मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या, होतो. नव्वदीच्या सुरुवातीला मी लागले, तेव्हा त्या दहाएक वर्षांच्या सीनियर. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला पिन लावलेली व्हॉइलची साडी आणि मनगटावर पुरुषांचं मोठ्या डायलचं घड्याळ. कानावर हेडफोन चढवला की त्या कुणाच्याच नसायच्या. पलीकडून एखाद्या व्यापाऱ्याने “ए ऑपरेटर, लाव ना लवकर” असं केलं, तर त्या शांतपणे म्हणायच्या, “इथं बाई बसलीये. पुन्हा पहिल्यापासून बोला.” आणि तो खरंच पुन्हा पहिल्यापासून बोलायचा.

त्यांचा स्टीलचा कप वेगळा होता. नव्याने लागल्या तेव्हा त्यांनी चहा प्यायलेला कप एका बाईंनी दोनदा विसळला, तेही राख लावून. ताईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा कप घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आजपासून मी तुमच्या कपाला हात लावणार नाही. मला किळस येते.” ही गोष्ट मला तीन जणींनी सांगितली. तिघींनीही ‘केवढा तो ताठा’ असं म्हणून सांगितली. मला त्यात ताठा कधी दिसला नाही. तो कप विसळणाऱ्या बाई सुखाने रिटायर झाल्या, पेढे वाटून.

रेगे त्यांच्या आयुष्यात आलं ते तळमजल्यावरच्या कॉल बुकिंगच्या खिडकीतून. तेव्हा इथल्या कॉलेजांमध्ये आफ्रिकेतली काही मुलं शिकायला यायची. जोसेफ नावाचा एक टांझानियाचा मुलगा दर महिन्याला आईला फोन लावायला यायचा. त्या दिवशी खिडकीत ताईंची ड्यूटी होती, मी आत फॉर्म लावत होते. जोसेफच्या मागे उभे असलेले दोघे जण आपसात खिदळत होते. काल्या, हबशी, अंधारात दिसतो का रे, असलं काहीतरी. त्याला मराठी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल बोलताहेत हे कळायला भाषा लागत नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला होता.

ताईंनी खिडकीची फळी खाली ओढली.

रांगेत गलका झाला. सुपरवायझर धावत आला. “अहो पगारे, काय झालं?”

“हे दोघं माफी मागतील, मग खिडकी उघडंल.”

“तुम्हाला कुणी काही बोललं का?”

“मला नाय बोलले. बोलले असते तर एव्हाना खिडकीच्या बाहेर असते मी.”

रांग वैतागली, पण गंमत अशी की ती त्या दोघांवर वैतागली नाही. एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, पोरं चेष्टा करतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?” ताईंनी फळीच्या फटीतून विचारलं, “तुमचं नाव सांगा. तुमचा कॉल शेवटी लावते.” बराच वेळ गेला. शेवटी ते दोघे पुटपुटत निघून गेले, माफी न मागताच. ताईंना ते आयुष्यभर डाचत राहिलं. फळी वर करायला नको होती, असं त्या कितीतरी वर्षांनी एकदा जेवताना अचानक म्हणाल्या होत्या.

पुढच्या वेळी जोसेफ आला तेव्हा त्याने खिडकीतून एक कॅसेट आत सरकवली. स्वतः भरलेली, नव्वद मिनिटांची, वर निळ्या शाईने गाण्यांची नावं. हे आमच्या देशातलं नाही, म्हणाला. समुद्रापलीकडच्या एका बेटावरचं आहे, आमच्या लोकांना पकडून जिथे उसाच्या कामाला नेलं तिथलं. पण आमच्या घरी सगळे हेच ऐकतात.

ताई नाशिकमधल्याच द्वारका चौकात राहायच्या, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, धाकटा भाऊ आणि त्याच्या कुटुंबासोबत. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा त्यांना वाटलं टेप ताणली गेलीये, इतकं ते संथ. गाणाऱ्याचा आवाज बारीक, उपाशी माणसासारखा. बंद करणार होत्या. “पण मंगल,” त्या मला म्हणाल्या, “खाली कुणीतरी होतं. गाण्याच्या खाली. शांतपणे भिंतीला धक्के देत होतं. घाई नाय, आरडाओरडा नाय. भिंत पडणारच आहे हे त्याला माहिती असल्यासारखं.”

तो बेस होता, खालच्या सुरांची गिटार. हा शब्द त्यांना नंतर कळला.

शब्द समजायला मात्र त्यांना फार त्रास झाला नाही. त्या बेटावरचं इंग्रजी आपल्या शाळेतल्या इंग्रजीशी फारकत घेतलेलं. पण ताईंची सगळी नोकरी तुटक्या लाइनवरून अर्धवट शब्द पकडण्यात गेलेली. त्या टेप मागे घ्यायच्या, पुन्हा ऐकायच्या, मागे घ्यायच्या. चाबूक सापडला, जहाज सापडलं, साखर सापडली. ‘बॅबिलॉन’ हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. जोसेफने समजावलं, की जुन्या धर्मग्रंथातलं जुलमी राज्य, म्हणजे हे लोक पोलीस, मालक, सरकार, सगळ्यांना मिळून तेच म्हणतात. ताई म्हणाल्या, “पुढचं सांगू नको. आमच्याकडं कोण ते मला माहितीये.”

त्यांचे वडील, आप्पा, निफाडजवळच्या गावात चौदा एप्रिलच्या जयंतीला गायनपार्टी घेऊन उभे राहायचे. ढोलकी, पेटी, मागे चार कोरसवाले. आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत आणि उसात कामाला. आप्पांचं गाणं ऐकायला पाटलाची माणसंही यायची, पण लांब उभी राहायची आणि सवाल-जवाबाची लावणी कधी म्हणणार, असं विचारायची. “ही आपलीच गायनपार्टी हाय,” ताईंनी जोसेफला इंग्रजीत सांगितलं होतं म्हणे, “फक्त तुमचा ढोलकीवाला लय सावकाश वाजवतो.”

जोसेफ शिकून परत गेला तेव्हा खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी देऊन गेला. तिथून ताई जमवायला लागल्या. महिन्यातली एक सुट्टी मुंबईला, फुटपाथवरच्या जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे. बोटीवरच्या खलाशांनी विकलेला माल तिथे यायचा. देवळालीला बंगला विकून निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून आणला. गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठी भरणाऱ्या बुधवारच्या बाजारातला एक भंगारवाला त्यांच्यासाठी इंग्रजी रेकॉर्डी बाजूला ठेवायचा. एकदा त्याने मोठ्या उत्साहाने चर्चमधल्या प्रवचनांचा गठ्ठा काढून ठेवला होता. ताईंनी तो घेतला. “त्यानं आठवणीनं ठेवलं ना,” एवढंच म्हणाल्या. रागीट माणसाचं हेही एक असतं, ते लोक सांगत नाहीत.

मी माळ्याची. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा, घरात भजनाच्या पलीकडे गाणं नाही. रविवारी दुपारी ताईंकडे जायला लागले ती खरं तर त्यांच्या हातच्या खेकड्याच्या रश्श्यासाठी. जेवण झालं की त्या हात पुसून रेकॉर्ड काढायच्या. बोटं कडांना, मधल्या चिठ्ठीला, काळ्या भागाला कधीच नाही. जुनी रेकॉर्ड आणली की आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, मऊ धोतराच्या फडक्याने टिपायची, मग सावलीत वाळवायची. आडवी एकावर एक ठेवलेली रेकॉर्ड दिसली की त्यांना संताप यायचा, मग घर कुणाचंही असो. त्या बेटावरच्या लहान रेकॉर्डींना मधे मोठं भोक असतं. ते प्लेअरवर बसेना, म्हणून त्यांनी औषधाच्या बरणीचं झाकण कापून, घासून त्याची चकती बनवली होती.

“आधी गाणाऱ्याकडं लक्षच देऊ नको,” त्या मला सांगायच्या. “खालचं ऐक. बेस कुठं बोलतो आणि कुठं गप्प बसतो ते बघ. मग गिटार. ती ठोक्यावर येत नाय, ठोका चुकवून मधेच येते. आपण ‘एक’ म्हणतो तिथं ढोल मोकळा सोडलेला असतो. सगळे जिथं पाय आपटतात तिथं हे लोक पाऊल उचलून धरतात. का? विचार कर.”

मला तेव्हा उत्तर आलं नाही. अजूनही नीट येत नाही, पण गाणं लागलं की पाऊल उचललेलं कळतं.

कव्हरवर नारळाची झाडं आणि समुद्र असेल तर रेकॉर्ड घ्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. तो माल पर्यटकांसाठी. एकाच गायकाच्या मागे लागायचं नाही. मागे वाजवणाऱ्यांची नावं वाचायची आणि तीच नावं दुसरीकडे शोधत जायचं. उलट्या बाजूला बिनशब्दांचं तेच गाणं असेल तर ते सोडायचं नाही, कारण तिथे गाणारा निघून गेलेला असतो आणि राग तेवढा शिल्लक असतो. या शेवटच्या वाक्यावर मी हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

म्हणून सगळंच त्यांनी मान्य केलं होतं असंही नाही. त्या बेटावरच्या गाणाऱ्यांपैकी बरेच जण आफ्रिकेतल्या एका राजाला देव मानतात. ताईंना ते अजिबात पटायचं नाही. “इतकं समजतं यांना, आणि पाया पडायला राजाच सापडला?” असं म्हणत त्या ते गाणं पूर्ण ऐकायच्या आणि मग भांडल्यासारखं पुन्हा लावायच्या.

ऑफिसात हे कळल्यावर जे व्हायचं ते झालं. त्या गाणाऱ्यांच्या जटा आणि चिलमीवरून गांजाचे विनोद. कुंभमेळा आला की “पगारे मॅडम, साधूंकडं तुमची ओळख असंल ना” वगैरे. बाईमाणसाने असलं ऐकावं का, हा एक प्रश्न. इंग्रजी तर धड येत नाही, हा दुसरा. ताई उत्तर देत नसत. पण वार्षिक स्नेहसंमेलनात मात्र त्यांनी उत्तर दिलं आणि त्याचा दंडही भोगला.

झालं असं की करमणूक समितीच्या एका मुलाने त्यांच्याकडे एक कॅसेट मागितली. एक छोटा कार्यक्रम बसवतोय, म्हणाला. ताईंना आनंद झाला. तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, पण दोन दिवस त्या कॅसेट निवडत होत्या. कोणतं गाणं आधी लावावं, यावर माझ्याशी चर्चा झाली. लोकांना कळायला हवं, म्हणून शब्द स्पष्ट असलेलं गाणं त्यांनी निवडलं. जहाजात साखळीने बांधलेल्या माणसांचं.

कँटीनच्या हॉलमध्ये पडदा सरकला. ते गाणं सुरू झालं आणि स्टेजवर चार जण नाचत आले. अंगाला, तोंडाला काळा रंग फासलेला, ओठ लाल रंगवलेले, कमरेला झाडाचा पाला, डोक्यावर लोकरीच्या जटा. ‘झिंगालाला’ चाललेलं. हॉल हसून लोळत होता. पहिल्या रांगेत बसलेले साहेब डोळे पुसत होते.

मी टेपजवळ बसले होते. ताई आपल्या खुर्चीतून उठल्या, मधल्या वाटेने सरळ चालत आल्या, आणि माझ्याकडे बघून बोटाने खूण केली. मी बटण दाबलं. नाचणारे तसेच हात वर करून थांबले.

ताईंनी माइक घेतला. आवाज ट्रंक लाइनवरचाच, सपाट. “या चौघांनी तोंडाला फासलंय ते घरी गेल्यावर साबणानं निघंल. ज्यांचं निघत नाही, त्यांचं गाणं हे. कॅसेट मी दिली, चूक माझी. परत घेते.”

साहेब अजून हसतच होते. “अहो पगारे, गंमत आहे ती. तुम्हा लोकांना सगळ्यातच अपमान कसा दिसतो?”

“आम्ही लोक म्हणजे कोण, साहेब?”

साहेबांनी रुमाल खिशात घातला.

“माइक चालू हाय,” ताई म्हणाल्या. “नाव घ्या ना. आम्ही लोक म्हणजे कोण?”

साहेबांनी नाव घेतलं नाही. ताईंनी कॅसेट काढून पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या. त्यानंतर वडे-चटणी आणि अंताक्षरी यथासांग पार पडली. महिनाभरात ताईंच्या बदलीची ऑर्डर आली. सटाणा. प्रशासकीय कारणास्तव. त्या काळ्या रंगातल्या चौघांपैकी एकाला बढती मिळाली. तो नंतर भेटला की मला ‘कशा आहात मंगलताई’ असं गोड विचारायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सटाण्याला त्या एका खोलीत राहिल्या. रेकॉर्डींचं ओझं नेणं शक्य नव्हतं. चारदोन आणि प्लेअर सोबत घेऊन बाकी सगळ्या द्वारकेच्या घरात, कपाटात, उभ्या, ओळीने लावून त्या गेल्या. भावाचा मुलगा राहुल तोवर मोठा झाला होता. इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये होता. गंगापूर रोडला त्याच्या मित्राने एक लाउंज काढलं. मंद दिवे, मोठाल्या उशा, द्राक्षाच्या वाइनचे ग्लास. नाशिकला तेव्हा त्याचं नवंनवं वेड होतं. भिंतींना ‘व्हिंटेज लूक’ हवा होता. राहुलने आत्याच्या कपाटातून रेकॉर्डी काढून दिल्या. न विचारता. विचारण्यासारखं काही आहे, असंच त्याला वाटलं नाही.

मी तिथे ऑफिसातल्या मुलीच्या वाढदिवसाला गेले होते. पाणी पिता पिता भिंतीकडे पाहिलं आणि एका रेकॉर्डच्या चिठ्ठीवर ताईंची बारीक सही दिसली. कोपऱ्यात ‘कु. पगारे’. मग दुसरी दिसली. मग सगळी भिंत दिसली. मधल्या भोकातून स्क्रू आणि मागून गोंद. मी तशीच उठून बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या पीसीओतून सटाण्याला फोन लावला.

ताई ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, “उद्या दुपारी तिथं ये. पेचकस आणते.”

दुपारी लाउंजमध्ये कॉलेजची काही जोडपी होती. ताईंनी चपला दाराबाहेर काढल्या, एक खुर्ची ओढून भिंतीला लावली, पदर खोचला आणि पहिला स्क्रू फिरवायला लागल्या. वेटर धावत आला. मग मालक, राहुलचा तो मित्र. “काकू, काय करताय? ही आमची प्रॉपर्टी आहे.”

“नाव वाच.”

त्याने वाचलं. “काकू, एवढ्या जुन्या आहेत, कोण ऐकतं हल्ली? इथे निदान लोक बघतात तरी. आम्ही कौतुकाने लावल्यात.”

“वाघ मारून भिंतीला लावत्यात तेही कौतुकानंच,” ताई म्हणाल्या आणि दुसऱ्या स्क्रूला लागल्या.

मी खालून रेकॉर्डी धरत होते. गोंद सुटताना चरचर आवाज यायचा आणि ताईंचे डोळे प्रत्येक वेळी बारीक व्हायचे. एवढीच काय ती त्यांनी दाखवलेली वेदना. कुणीतरी फोन करून राहुलला बोलावलं. तो आला तो लाल होऊन. “आत्या, काय तमाशा चाललाय? माझी इज्जत घालवलीस मित्रासमोर.”

ताई खुर्चीवरून उतरल्या नाहीत. “तुझ्या आजोबांची पेटी याच कपाटात होती. ती कुठंय?”

राहुलने मित्राकडे पाहिलं.

“पेटी कुठंय राहुल?”

“ती... काउंटरच्या खाली आहे. तिच्यावर मेन्यूकार्ड ठेवतात.”

ताई उतरल्या. काउंटरजवळ गेल्या, मेन्यूकार्डं उचलून बाजूला नीट रचून ठेवली, आणि आप्पांची पेटी पोटाशी धरून उभ्या राहिल्या. त्या ओरडतील असं वाटलं. त्यांनी पुतण्याच्या हातात पेचकस दिला. “वरच्या चार राहिल्यात. काढ.” त्याने काढल्या. जोडपी बघत होती. एका मुलीने आपली खुर्ची त्याच्यासाठी पुढे केली, पण तो आधीच चढला होता.

गोंदामुळे प्रत्येक रेकॉर्डची एक बाजू गेली होती. साबण, रॉकेल, गरम पाणी, सगळं करून पाहिलं. नाही निघालं.

पुढे ट्रंक विभागच बंद पडला. ताई सटाण्यातच होत्या. तिथेच एका दुपारी, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या त्या गेल्या. हृदयविकाराचा झटका. नाशिकला शोकसभा झाली, त्याच कँटीनच्या हॉलमध्ये. रिटायर झालेले साहेब आवर्जून आले. पगारे मॅडम म्हणजे शांत, मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्व, असं ते बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि म्हणाले, “साहेब, त्या मनमिळाऊ नव्हत्या. त्या तुमच्यावर रागावलेल्या होत्या, आणि गेल्या तेव्हाही रागावलेल्याच होत्या. तेवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.” मग दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती तिथूनच सुरू झाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सटाण्याला, त्या जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. कांद्याचा हंगाम. त्यांची खोली मार्केटच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. खाली ट्रॅक्टरांची रांग लागलेली, हवेत कांद्याची टरफलं उडत होती. घरमालकीण म्हातारी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ताईंनी रेकॉर्ड लावली होती. बाजू संपली, की त्या सुई उचलून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवायच्या.

म्हातारीने अहिराणीत विचारलं, “दुसरी बाजू का नही लावस वं बाई?”

“ती लोकांनी खाल्ली, मावशी.”

म्हातारीने लसणाची टरफलं झटकली. “मंग हाईज बाजू लाव,” ती म्हणाली. “मोठा आवाजमा लाव.”

मला साडेचारची एसटी गाठायची होती. जिना उतरून रस्त्यावर आले आणि वर पाहिलं. ताईंनी स्पीकर ओढत गॅलरीत आणला होता, तोंड रस्त्याकडे करून. त्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. खालच्या एका ट्रॅक्टरवाल्याने वर बघून हाताने खूण केली, आवाज कमी करा. ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेल्या आणि आवाज वाढवला.